उपासाच्या घरची चूल

अगं ये, पुढं ये. दारात पाय चिकटल्यासारखी काय उभी राहिलीस? बस अशी माझ्याजवळ, आणि आधी तो चेहरा सैल कर. तीन दिवस उपास करून आलीस म्हणून एवढं सुतकी तोंड कशाला? केलास ना उपास, मग गावभर सांगत कशाला फिरतेस? आणि आल्या आल्या पहिला प्रश्न काय, तर "मावशी, मी बारीक दिसते का?" हात जोडले बाई तुझ्यापुढं. आता गप ऐक. तुझ्यासारख्या पुष्कळ जणी हा नाताळचा अंक वाचतात, त्यांनीही ऐकावं.

संपादकांनी मला सांगितलं, "लीलाबाई, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा. नाताळ आहे, जरा गोड लिहा." गोड मला येतं. पन्नास माणसांचा शिरा मी एक गुठळी न होऊ देता हलवते. पण हे जे सांगायचं आहे ते गोड होणार नाही. संपादकांनी साखर घातली तर मी पुढच्या वर्षी लिहायची नाही.

माझी नोकरी ऐकून लोक आधी हसतात. लोक जिथं न जेवायला येतात, त्या घरात मी स्वयंपाकीण होते. १९९८ साली माझा नवरा गेला, आणि सासरच्यांनी नगरकडच्या घरात मला चुलीपुरतीही जागा ठेवली नाही. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला इकडं मुळशीत आणलं. रिह्याच्या खोऱ्यात, भाताच्या खाचरांना लागून, मिशनच्या काळातलं एक प्रार्थनाघर आहे. एक लांबट हॉल, मागं दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कडेला माझी एक खोली. पुण्या-पिंपरीहून मंडळीतले लोक दोन दोन, तीन तीन दिवस तिथं येतात. उपास करायचा, गप्प बसायचं, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची. बाहेरच्याला वाटतं, मग स्वयंपाकीण हवी कशाला?

आमच्या शेजारच्या हिराबाईलाही तेच वाटलं. हिराबाई म्हणजे खाचरांची मालकीण, तोंडानं फटकळ, मनानं मोठी. पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून वाकून म्हणाली, "काय वो, तुमच्या उपासाला साबुदाना चालतो का न्हाई?"

"नाही."

"बटाटं?"

"नाही. नुसतं पाणी."

"आन् मग तुमी हितं काय शिजिवता, पानी?"

हसा. पण खरी गोष्ट अशी की उपास करणं कुणालाही येतं, उपास सोडवणं येत नाही. ते माझं काम होतं. तीन दिवसांच्या रिकाम्या पोटाला भलतं दिलं तर माणूस वाकडा होतो. आधी कोमट पाणी. मग पेज, म्हणजे नव्या तांदळाची पातळ, मिठाची कणी टाकलेली. ती वाटीत निम्मी द्यायची आणि वर हावरट माणसाच्या डोळ्यांत बघत उभं राहायचं. संध्याकाळी मऊ भात, त्यावर तुपाचं बोट. वरण दुसऱ्या दिवशी. आणि उपासाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघर असं धुवायचं की हिंगाचा वास भिंतीलासुद्धा राहू नये. लोणच्याच्या बरण्या मी माझ्या खाटेखाली ढकलून ठेवायची. फोडणीचा वास हॉलमध्ये गेला की प्रार्थनेतले आमेन कसे ढिले पडतात, ते मला ऐकू यायचं.

गिऱ्हाइकं तरी एकेक! एक बँकेतले साहेब यायचे. गायनाच्या वहीला त्यांनी कापडी पिशवी शिवून घेतली होती आणि तिच्यात शेंगदाण्याची चिक्की. सगळे डोळे मिटून गुडघ्यांवर असायचे आणि ह्यांच्याकडून कटकन् आवाज यायचा. एक सासूबाई दर महिन्याला यायच्या. मी विचारलं, "एवढं काय मागता प्रभूजवळ?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, तीन दिवस सुनेच्या हातचं खावं लागत नाही." एक पोरगा उपास सुटायच्या आधीच पळून पौडच्या स्टँडवर मिसळ खाऊन आला आणि रात्रभर मला हाका मारत बसला. ह्या सगळ्यांवर माझा जीव होता. माणसं भुकेली झाली की खरी होतात.

पाळकसाहेबांच्या काळात एक रीत होती. सगळ्यांचा उपास चालू असला तरी मागच्या चुलीवर पेजेचं एक लहान पातेलं झाकून ठेवलेलं असायचं. कुणाला चक्कर आली, कुणी गरोदर निघाली, कुणाचा धीर सुटला, तर त्यानं मागच्या दारानं यायचं, वाटीभर प्यायचं आणि परत जाऊन बसायचं. कुणी विचारायचं नाही, मी सांगायची नाही. मी स्वतः शुक्रवारी कडक उपास करायची, पण त्या पातेल्याखालचा विस्तव विझू द्यायची नाही. साहेब म्हणायचे, "लीला, हॉलमध्ये मी उपासना घेतो, मागच्या दाराशी तू घेतेस." त्या वाक्यावर मी वर्षं काढली.

मग साहेब निवृत्त झाले आणि प्रार्थनाघराच्या कमिटीनं त्यांच्या जागी एक प्रचारक आणले, सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांना स्वतःला तर कळेलच. तरणाबांड माणूस, आवाज असा की खाचरातल्या बायकांनी लावणी थांबवून ऐकावं. ते आल्यापासून गर्दी वाढली, हे मी नाकारत नाही. पण त्यांनी उपासाची कुस्ती केली. कोण किती दिवस टिकला, कुणी थुंकीसुद्धा गिळली नाही, हे मंडळीसमोर उभं करून वदवून घ्यायचे. टाळ्या व्हायच्या. ज्याला जमलं नाही तो मान खाली घालून शेवटच्या चटईवर बसायचा.

त्यांनी एके दिवशी माझं पातेलं पाहिलं.

"मावशी, हे काय?"

"पेज. कुणी आजारी पडलं तर."

"म्हणजे तुम्ही आधीच धरून चालता की प्रभू राखणार नाही?"

"मी धरून चालते की माणूस पडतो."

हसले. त्यांचं हसू मला अजून आठवतं, शाळेतल्या मास्तरांनी बुद्दू पोराकडं बघावं तसं. त्या दिवसापासून उपासाच्या दिवसांत स्वयंपाकघराला कुलूप आणि किल्ली ब्रदरच्या खिशात. बाई म्हणून, नोकर म्हणून, मी ऐकलं. मनात म्हटलं, असेल त्यांचा विश्वास मोठा.

आता खरी गोष्ट. गुड फ्रायडेच्या आधीचा उपासकाळ होता, उन्हाळा तापायला लागलेला. तीन दिवसांचं शिबिर भरलं, हॉल गच्च. त्यात वंदना टीचर आल्या होत्या, पिंपरीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या. तिशीतली बाई, अंगानं शेलाटी, फार बोलायची नाही. नवरा मंडळीतला पुढारी. आदल्या महिन्यातच त्यानं हॉलमध्ये उभं राहून साक्ष दिली होती की ब्रदरच्या प्रार्थनेनं माझ्या बायकोची साखर पूर्ण बरी झाली, सुया बंद झाल्या. केवढा जल्लोष झाला होता!

आल्या आल्या टीचर माझ्या खोलीत आली. हातात रुमालात गुंडाळलेली डबी. "मावशी, हे जरा तुमच्या माठाला टेकवून ठेवाल? डोळ्यांत घालायचं औषध आहे, गार ठेवावं लागतं." मी ठेवली. सकाळ-संध्याकाळ ती येऊन डबी घेऊन न्हाणीत जायची, परत आणून द्यायची. डोळे तर लाल दिसत नव्हते. पण मी विचारत नसते कुणाला, माझी सवयच तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत पडले होते. दाराशी काहीतरी धपकन् आपटलं. बघते तर टीचर. घामानं ओलीचिंब, हात लटपटत होते, बोलताना जीभ अडखळत होती.

"मावशी, खायला द्या. मी सुई घेतलीय."

"कसली सुई?"

"साखरेची. बंद केलीच नाही मी. भीती वाटते... सुई घेतली आणि पोटात काही नाही. खायला द्या, मी मरेन."

मी चहासाठीचा गूळ डब्यातून ओरबाडून काढला, पाण्यात कुस्करला आणि तिच्या तोंडाला लावला. अर्धं पोटात, अर्धं लुगड्यावर. थोड्या वेळानं नजर स्थिर झाली. मी उठायला लागले तशी तिनं माझं मनगट धरलं. "सुईचं कुणाला सांगू नका. शपथ घ्या. ह्यांनी सगळ्यांसमोर साक्ष दिलीय. मला घरात ठेवणार नाहीत."

"शपथ आपल्यात घेत नाहीत," मी म्हटलं, "पण सांगणार नाही."

एवढं एक वाक्य. त्या वाक्यानं पुढची पाच वर्षं माझं काय केलं, ते ऐका.

नुसत्या गुळावर भागणार नव्हतं, ते तिनंच सांगितलं होतं. पोटात अन्न हवं होतं. मी हॉलच्या दाराशी गेले. ब्रदरना खुणेनं बाहेर बोलावलं.

"किल्ली द्या. एका बाईला बरं नाही."

"कोणाला?"

"टीचरना. वाटीभर पेज करते."

"मावशी, ही परीक्षेची घडी आहे. ती बरी झालेली बाई आहे. सैतान तिला स्वयंपाकघराच्या वाटेनं ओढतोय आणि तुम्ही त्याला दार उघडून देताय."

"ब्रदर, तिचे हात थरथरतायत."

"आत्म्याचा स्पर्श झाला की थरथरतात."

पोरी, मला त्या क्षणी जो राग आला तो आजही तसाच गरम आहे, बघ हात लावून. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं, तिनं सुई घेतलीय. जिभेच्या टोकावर. मी ते गिळलं आणि मागं फिरले.

थेट कुंपणाशी गेले. "हिराबाई, मूठभर तांदूळ दे आणि तुझी जीप कुठंय ते बघ."

"का वो, काय झालं? उपास सुटला व्हय?"

"सुटला नाही, मी मोडणार आहे."

ती बाई तशीच आत गेली. पदरात तांदूळ घेऊन कुंपण ओलांडून आली, काखेत सरपण. कुलूपबंद स्वयंपाकघराच्या मागं, आंब्याखाली, आम्ही दोघींनी तीन दगड मांडले आणि पातेलं चढवलं. आता माझी अक्कल कुठं गेली होती बघ. हिराबाईनं आणलेला तांदूळ म्हणजे घरचा आंबेमोहोर, आणि आंब्याला लागून हॉलच्या खिडक्या, सगळ्या सताड उघड्या. आंबेमोहोर शिजताना कसा वास येतो ते मुळशीतल्या माणसाला सांगायला नको. दीड दिवस पाण्यावर बसलेली ती माणसं, आणि खिडकीतून तो दरवळ आत!

आधी गायन अडखळलं. मग एक डोकं खिडकीत आलं, मग दुसरं. ते बँकेतले साहेब तर चपला न घालताच बाहेर आले. आमच्या मंडळीतली थोरली, सुंदराआत्या, काठी टेकत आली आणि माझ्या पातेल्यापाशी फतकल मारून बसली. "लीले, दे गं थोडी, डोळ्यांपुढं अंधारी येतीय." मी टीचरना आंब्याखाली आणून पाजत होते, हिराबाईनं आत्याला वाटी दिली. आत्या प्यायली. दुसरी मागितली. तीही प्यायली. मग पदरानं तोंड पुसलं, सगळ्यांकडं बघितलं आणि मोठ्यानं ओरडली, "लीलेनं माझा उपास मोडला हो! नातवाची दारू सुटावी म्हणून धरला होता!"

आणि ब्रदर आले. रागानं लाल झाले होते. पातेल्याला लाथ घालायला पाय उचलला तशी हिराबाई मध्ये उभी राहिली.

"अन्नाला पाय लावू नगा, सांगून ठिवते. तांदूळ माजा हाय."

"बाई, हे आमच्या धर्मातलं आहे. तुम्हाला कळायचं नाही."

"न्हाई कळत. पन बाई मराय लागली तर तिला खाऊ घालत्यात, येवडं आमाला बी कळतं. सरा, माजा पोरगा जीप घिऊन आलाय."

पौडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, टीचर शुद्धीवर, बरी. नवरा संध्याकाळी आला आणि तिला घेऊन गेला. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही. मी मात्र त्या डबीची काळजी करत होते, माझ्या माठाजवळच राहिली म्हणून.

पुढच्या रविवारी कमिटी आली. गाडीतून उतरलेले चार पुरुष, हॉलमध्ये खुर्च्या मांडून. मला उभं केलं. टीचरलाही बोलावलं होतं, नवऱ्याच्या शेजारी बसली होती. कमिटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "टीचर, तुम्हाला त्या दिवशी काय होत होतं?"

तिनं जमिनीकडं बघत सांगितलं, "काही नाही. उन्हानं जरा गळल्यासारखं झालं होतं. मी नको म्हणत होते, मावशींनी बळंच पाजलं."

ती मान वर करीना. माझ्या खोलीत, तिथून वीस पावलांवर, तिच्या सुईची डबी होती. जाऊन आणली असती तर तिथंच सगळ्यांची तोंडं बंद. मी दिलेल्या शब्दाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि गप्प राहिले.

निकाल असा: मंडळीसमोर उभं राहून माफी मागायची, की मी माझ्या अविश्वासानं पवित्र उपास भ्रष्ट केला. तोवर नोकरी बंद आणि प्रभुभोजनही, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधीही, बंद. नोकरीचं समजू शकते. पण प्रभूच्या टेबलावरून मला उठवणारे हे कोण? ती भाकर म्हणजे प्रभूचं शरीर, ते माझ्यासाठी मोडलं गेलं ना? ह्यांच्या परवानगीनं?

मी माफी मागितली नाही. खोली सोडली. हिराबाईनं तिच्या गोठ्याशेजारची पत्र्याची खोली दिली. कासार आंबोलीला तेव्हा बंगल्यांची कामं जोरात चालली होती. तिथं रंगारी, सुतार, फरशीवाले, सगळे परप्रांतातले, त्यांची खाणावळ मी धरली. "मौसी, मिर्ची कम डालो," म्हणून रोज कटकट करायचे, आणि गावी जाताना माझ्या पाया पडायचे. पोट भरलं. पोटाची गोष्ट नव्हतीच ती.

रोज सकाळी प्रार्थनाघरावरून जावं लागायचं. आतून गाणी ऐकू यायची. मला पाठ असलेली, माझ्या सुराविना म्हटलेली. मी पाय उचलून चालायची. घरी येऊन गुडघे टेकले की प्रार्थनेला शब्दच येईनात, नुसता संताप. पुष्कळ दिवस मी प्रभूशी भांडले, अगदी हातवारे करून. पाळकसाहेबांनी शिकवलेली एक गोष्ट तेवढी सोडली नाही. वेळ झाली की बसायचं, मन असो नसो. शुक्रवार आला की उपास, आवड असो नसो. आधी हट्टानं केलं. ह्यांनी काढलं म्हणून मी का सोडू? मग हळूहळू त्या हट्टाखाली काहीतरी मुळं धरायला लागलं. आधी मी उपास करायची तेव्हा मनात कुठंतरी असायचं, की एवढं केलं, आता तू दे. देवाच्या दारात धरणं धरून बसल्यासारखं. आता मागायला काही उरलंच नव्हतं. नोकरी गेलेली, नाव गेलेलं. नुसती भुकेली बसायची आणि तोही माझ्याजवळ नुसताच बसलेला वाटायचा. त्यानं माझा राग काढून घेतला नाही. पण रागावलेल्या बाईजवळ बसायला तो घाबरत नाही, एवढं मला कळलं. हॉलमधल्या इतक्या वर्षांत जे कळलं नव्हतं, ते गोठ्याशेजारी कळलं.

पाळकसाहेब म्हातारे झाले होते, तरी एसटीनं मला भेटायला आले. पत्र्याच्या खोलीत घामाघूम होऊन म्हणाले, "लीला, मागून टाक माफी. दोन शब्दांत काय जातं? टेबलावर परत ये."

मला त्यांचाही राग आला. "साहेब, मी माफी मागितली तर मागच्या दाराशी उद्या कोण उभं राहील? पुढची स्वयंपाकीण किल्ली मागायलासुद्धा जाणार नाही. पडलेली बाई पडून राहील."

साहेब जेवले, हात धुतले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत त्यांनी क्षमेचा शब्द काढला नाही, ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मधल्या काळात ब्रदर मोठे झाले आणि दुसरीकडं गेले. मोठाले मांडव, मोठे कर्णे. मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्यामागं गेली.

२००९ च्या नाताळाआधी टीचर माझ्या दारात उभी. केस पांढरे झालेले. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. तिनं चप्पल काढली आणि चुलीपाशी खाली बसली.

"मावशी, मारा मला."

"पीठ लागलंय हाताला. बोल."

तिनं सांगितलं ते असं: तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई. तिलाही साखर, तिलाही सुया. ब्रदरच्या शिबिराला गेली आणि सुया टाकून आली. टीचरला हे कळलं होतं. ती त्या बाईच्या घरी जाऊन आली होती, दाराशी बोलली होती, पण स्वतःचं सांगायचं धाडस झालं नाही. मी अजून सुई घेते, माझ्या नवऱ्याची साक्ष खोटी होती, एवढं म्हणाली असती तर ती बाई कदाचित ऐकती. ती बाई गेली. मुलगी वर्गात येऊन बसते पुढच्या बाकावर.

माझी भाकरी तव्यावर करपली. ओरडावं की रडावं कळेना. ओरडले. "एवढी वर्षं काय करत होतीस गं? मी तोंड शिवून बसले ते कुणासाठी?" हिराबाई गोठ्यातून धावत आली. टीचर रडत नव्हती, नुसती ऐकून घेत होती. माझं ओरडून संपलं तेव्हा म्हणाली, "उद्या रविवार आहे. मी उभी राहणार आहे. तुम्ही या. घरी सांगून आले आहे, ठेवायचं तर ठेवा म्हणून."

मी गेले. इतक्या वर्षांनी त्या हॉलमध्ये शेवटच्या चटईवर बसले. साक्षींची वेळ आली तशी टीचर उभी राहिली आणि सगळं बोलली. सुई, डबी, माठ, गूळ, खोटी साक्ष, त्या मेलेल्या बाईचं नाव. सेक्रेटरी मध्येच म्हणाले, "टीचर, जुनं झालं ते, आज आनंदाचा दिवस आहे." तेव्हा पुढच्या रांगेतून सुंदराआत्या कडाडली, "बोलू द्या तिला! मी दोन वाट्या प्यायले होते, दोन! आणि पहिली मीच बोंबलले."

कुणी हसलं नाही.

त्या दिवशी मला प्रभुभोजन मिळालं. नवीन पाळक पोरगेलासा आहे, ताट घेऊन आधी माझ्यापाशी आला, रांग सोडून. भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि मला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. ती मुलगी डोळ्यांपुढं होती, पुढच्या बाकावरची. मी बोलले असते त्या रविवारी, तर? हे मी प्रभूला अजून विचारते.

उपासना सुटल्यावर सेक्रेटरी हात जोडून आले. "मावशी, आम्हाला क्षमा करा."

सगळे बघत होते. मी 'केली क्षमा' म्हणावं आणि त्यांनी घरी जाऊन जेवावं, असं सगळ्यांना वाटत होतं. मी म्हटलं, "आज नाही होणार, साहेब. तुम्ही मागत राहा. मीही त्याच्याजवळ मागते, तुम्हाला द्यायला." ते गेले. पुढच्या रविवारी परत आले. तिसऱ्या खेपेला मी दिली, आणि खरी दिली. प्रार्थनाघराचं काम मी परत धरलं आहे, राहते मात्र हिराबाईकडंच. स्वयंपाकघराचं कुलूप मी विहिरीत टाकलं, सेक्रेटरींच्या डोळ्यांदेखत. टीचर दर महिन्याला येते, सुई आणि जेवणाचा डबा दोन्ही घेऊन. हे सगळं तिला विचारूनच लिहिलं आहे. ती म्हणाली, माझं नावही घाला.

आता पोरी, तू जा, हातपाय धू. माझं शेवटचं बोलणं तुझ्याशी नाही.

ब्रदर, हा अंक तुमच्याकडं येतो, मला ठाऊक आहे. त्या मुलीच्या आईचं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, कदाचित नसेलही. मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते आणि ती करताना रोज माझे दात आवळतात. सेक्रेटरींना मी क्षमा करू शकले, कारण ते माझ्या दाराशी आले. तुम्ही आलेला नाहीत. एवढ्या लांबून मला ते जमत नाही, तेवढा मोठा विश्वास माझा नाही. माणूस समोर लागतो मला. तुम्ही या. मंडळीत नको, मांडवात नको, कर्णा घेऊन नको. पौडहून एसटीनं या, हिराबाईचं घर विचारा, कुणीही दाखवेल. मी तुम्हाला आधी बोलीन, पुष्कळ बोलीन, तुम्ही ऐकून घ्या. त्या मुलीकडं आपण दोघं मिळून जाऊ. मला एकटीला तुमच्या वतीनं जाता येत नाही. माझे गुडघे गेलेत, छातीत अधूनमधून दुखतं, आणि हा राग घेऊन वर जायची माझी इच्छा नाही. लवकर या, ब्रदर. येताना काही खाऊन येऊ नका.